एक्स्पोसितो : बाहेर ठेवलेल्या बाळाचं आडनाव

नमस्कार. २०२४च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला गेलेले काही जण आज इथे बसले असतील. दर दहा वर्षांनी गोंयच्या सायबाचं शव बॉम जेझूसच्या चर्चमधून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात आणि लोकांच्या दर्शनासाठी ठेवतात. गोव्यात या सोहळ्याला सगळे ‘एक्स्पोझिशन’ म्हणतात. शब्द मुळात लॅटिन. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. जे जपून आत ठेवलेलं असतं ते बाहेर मांडायचं, ते एक्स्पोझिशन.

आज मी ज्या स्पॅनिश आडनावाबद्दल बोलणार आहे ते याच धातूपासून आलंय. एक्स्पोसितो. लॅटिनमधलं ‘एक्स्पोसितुस’ म्हणजे बाहेर ठेवलेला. फक्त इथे बाहेर ठेवलंय ते तान्हं मूल. चर्चच्या पायरीवर, एखाद्या श्रीमंताच्या दारात, धर्मार्थ इस्पितळाच्या भिंतीशी.

झेवियर या नावाबद्दलही आत्ताच सांगून टाकतो, नंतर राहून जाईल. फ्रान्सिस झेवियर स्पेनच्या उत्तरेकडच्या नवारा प्रांतातला. झेवियर, म्हणजे स्पॅनिश उच्चारात ‘हाविएर’, हे तिथल्या त्याच्या घराण्याच्या गढीचं नाव. ते आलं बास्क भाषेतल्या ‘एचे बेर्री’वरून, आणि त्याचा अर्थ नवं घर. बहुतेक स्पॅनिश आडनावं अशीच आहेत, कशाचा तरी आधार सांगणारी. फर्नांदेस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, मार्तिनेस म्हणजे मार्तिनचा. शेवटचा ‘एस’ बापाचं नाव सांगतो. काही आडनावं गावाची, आपल्या ‘कर’सारखी. काही धंद्याची : एर्रेरो म्हणजे लोहार, सापातेरो म्हणजे चांभार. बाप, गाव, धंदा, घर. एक्स्पोसितो यातलं काहीच सांगत नाही. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत त्या मुलाचं काय झालं, एवढंच ते सांगतं.

माझी या आडनावाशी गाठ पडली ती भाषांतराच्या कामात. मी पुण्यात स्पॅनिश शिकवतो, आणि लग्नाची, शिक्षणाची कागदपत्रं लोक माझ्याकडे भाषांतराला आणतात. एका जन्मदाखल्यावर नावापुढे लिहिलं होतं : एक्स्पोसितो एक्स्पोसितो. मला वाटलं, कारकुनाच्या हातून दोनदा पडलं. मग लक्षात आलं की चूक नाहीये. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही. म्हणजे या माणसाचे वडीलही एक्स्पोसितो आणि आईही एक्स्पोसितो.

आपल्याकडे नवरा-बायकोचं माहेर-सासरचं आडनाव एकच निघालं, तर घरातली म्हातारी माणसं लगेच विचारतात, भावकी लागते का, गोत्र बघितलं का? आडनाव एक म्हणजे कुठेतरी रक्त एक, असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलटं होतं. त्या दोन घराण्यांत समान होतं ते एवढंच, की मागे कधीतरी दोन्हीकडे एक असं मूल होतं ज्याचे आईबाप कोण ते कोणालाही माहीत नव्हतं. त्या दिवशी मी भाषांतर बाजूला ठेवलं आणि या आडनावाच्या मागे लागलो.

हा शब्द नोंदवहीत कसा आला ते बघा. पाद्री बाप्तिस्म्याच्या वहीत लिहायचा : ‘हुआन, एक्स्पोसितो’. म्हणजे हुआन नावाचं, सापडलेलं मूल. ‘एक्स्पोसितो’चं पहिलं अक्षर लहान लिपीतलं, कारण ते नुसतं वर्णन होतं. हुआन मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याच वहीत त्याच्या मुलाची नोंद झाली, आणि तोवर पहिलं अक्षर मोठं झालेलं असायचं. वर्णनाचं आडनाव झालं. आपल्या देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसतं, त्यामुळे हा बदल मला इथे फळ्यावर लिहून दाखवता येत नाही. पण एका अक्षराच्या उंचीत हा डाग पुढच्या पिढीकडे गेला.

मुलं सोडायची जागाही ठरलेली असायची. माद्रिदच्या अनाथालयाला ‘इन्क्लुसा’ म्हणत. सोळाव्या शतकातली ही संस्था. तिथे मरियमेचं एक चित्र होतं, ते हॉलंडमधल्या एन्कहाउजन गावाहून कोणा स्पॅनिश सैनिकानं आणलं, आणि त्या गावाच्या नावाचा अपभ्रंश होत होत इन्क्लुसा झाला, असं सांगतात. पुढे ‘इन्क्लुसेरो’, म्हणजे इन्क्लुसातला, ही स्पॅनिशमध्ये शिवीच झाली.

अशा संस्थांच्या भिंतीत ‘तोर्नो’ असायचा. लाकडाचा उभा, पिंपासारखा कोनाडा, एका बाजूने उघडा, आसावर फिरणारा. बाहेरच्यानं मूल त्यात ठेवायचं, कोनाडा फिरवायचा, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतल्या बाईला बाहेरचा चेहरा दिसत नाही, बाहेरच्याला आतला. स्पेनमधल्या काही मठांत आजही असा तोर्नो आहे. जगापासून दूर राहणाऱ्या जोगिणी त्यातून आपल्या हातची मिठाई विकतात. तुम्ही पैसे ठेवता, कोनाडा फिरतो, बदामाच्या वड्यांचा डबा समोर येतो. पर्यटकांना त्याची मोठी गंमत वाटते. मला मात्र त्या लाकडाच्या आवाजात घंटा ऐकू येते.

मूल ठेवणाऱ्या सगळ्याच जणी लग्नाआधी आई झालेल्या नव्हत्या, हे इथे सांगायला हवं. पुष्कळ मुलं गरीब पण रीतसर लग्न झालेल्या जोडप्यांची होती. दुष्काळाचं वर्ष, आईला दूध नाही, आई बाळंतपणात गेली, आधीच पाच तोंडं खायला. काही बाळांबरोबर चिठ्ठी असायची : बाप्तिस्मा झाला आहे, नाव अमुक, परत न्यायला येऊ. कधी एखादी रिबीन, कधी अर्धी तोडलेली पदकाची चकती. उरलेली अर्धी आईकडे. परत येणाऱ्या फार थोड्या. आणि आल्या तरी मूल असेलच असं नाही. या अनाथालयांत अर्ध्याहून जास्त मुलं पहिल्या काही वर्षांत दगावत. पगारी दूधआया कमी, एकेकीकडे दोन-दोन, तीन-तीन बाळं, दूरच्या खेड्यांत नेताना होणारे हाल. तेव्हा आज एक्स्पोसितो आडनावाचा कोणी माणूस भेटला, तर तो त्या थोड्या वाचलेल्यांपैकी कोणाचा तरी वंशज असतो.

आता आपल्या घरातली एक गोष्ट आठवा. ज्या बाईची मुलं जगत नसत, तिचं बाळ झालं की उकिरड्यावर क्षणभर ठेवायचं आणि परत उचलून आणायचं. नाव ठेवायचं केरू, उकिरडा, धोंडू, दगडू. सटवाईला, दृष्टीला, मृत्यूला वाटावं की हे टाकलेलं पोर आहे, याच्यात नेण्यासारखं काही नाही. टाकल्याचं सोंग करणारं ते नाव मुलाला घट्ट धरून ठेवण्यासाठी होतं. माझ्या ओळखीच्या एका केरूआजोबांवर त्यांच्या आईचा सगळ्यांत जास्त जीव होता. एक्स्पोसितोमध्ये सोंग नव्हतं, आणि मृत्यूही फसत नव्हता.

या आडनावाच्या इतिहासात मला सगळ्यांत आवडतो तो १७९४चा जानेवारी महिना. राजा चौथा कार्लोस. त्याला इतिहासकार फारसं चांगलं म्हणत नाहीत, पण त्यानं काढलेला एक हुकूम वाचण्यासारखा आहे. आईबाप ठाऊक नसलेलं प्रत्येक मूल सर्व नागरी व्यवहारांत औरस धरावं, असं त्यात म्हटलंय. आणि हे फक्त पुढच्या मुलांसाठी नाही, तेव्हा हयात असलेल्या मोठ्या माणसांसाठीसुद्धा. कोणी एक्स्पोसितोला अनौरस, हरामाचा असं काही म्हटलं, तर न्यायालयानं त्याला ते शब्द मागे घ्यायला लावावेत आणि दंडही करावा. एवढंच नाही, या मुलांना गुन्ह्याबद्दल फटक्यांची किंवा भर चौकात बेअब्रूची शिक्षा देऊ नये, मानाच्या घरातल्या माणसाला त्याच गुन्ह्याला जी शिक्षा होते ती द्यावी. कारण काय, तर हे मूल कदाचित मोठ्या घरचंही असेल, कोणास ठाऊक! आईबाप ठाऊक नाहीत, या ज्या अज्ञानावरून लोक त्यांना हिणवत होते, तेच अज्ञान राजानं त्यांच्या बाजूनं उभं केलं. हुकूमानं लोकांची तोंडं बंद झाली नाहीत. तरी कायद्यानं एकदा ते लिहिलं, याचं मोल मला फार वाटतं.

समुद्रापलीकडे, स्पेनच्या वसाहतींत, काही ठिकाणी वेगळी वाट धरली गेली. हवानामध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप हेरोनिमो वाल्देस यांनी सोडलेल्या बाळांसाठी घर काढलं, आणि तिथल्या मुलांना स्वतःचं आडनाव दिलं : वाल्देस. मेक्सिको शहरात आर्चबिशप लोरेन्साना यांनी १७६७ मध्ये असंच घर काढलं. तिथली मुलं लोरेन्साना झाली. आपला जोतीराव आठवतो ना? १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवावं हे त्यांच्या खुशीवर. पुढे तिथेच जन्मलेल्या यशवंतला जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं, तो फुले झाला, डॉक्टर झाला. मुलाला नाव द्यायचं तर त्याच्याशी काय झालं ते द्यायचं, की आपल्याजवळचं काही द्यायचं? बिशप वाल्देसनं स्वतःजवळचं दिलं.

पण गंमत बघा, हवानात हजारो अनाथ मुलं वाल्देस झाल्यावर ते उमरावी आडनावसुद्धा खूण बनलं. वाल्देस म्हटलं की लोक ओळखत. १८०९ मध्ये तिथल्या तोर्नोत एक बाळ आलं. आई स्पेनहून आलेली नर्तकी, बाप आफ्रिकी वंशाचा केशकर्तनकार. गाब्रिएल दे ला कोन्सेप्सिओन वाल्देस. ‘प्लासिदो’ या नावानं तो क्युबाचा लोकप्रिय कवी झाला. काळ्यांच्या बंडाच्या कटात सामील असल्याचा आरोप ठेवून स्पॅनिश सरकारनं १८४४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. पस्तीस वर्षांचा होता. आडनाव बिशपचं मिळालं, तरी सरकारच्या लेखी तो कोण होता ते बदललं नाही.

अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती छापखान्याची आहे आणि इथे पुस्तकवाले बरेच दिसतायत. व्हाइसरॉय वेर्तीस यांनी १७७९ मध्ये तिथे एक्स्पोसितो मुलांचं घर काढलं. ते चालवायला पैसा हवा. हाकलून दिलेल्या जेझुइट पंथाच्या पाद्र्यांचा एक जुना छापखाना कोर्दोबा शहरात धूळ खात पडला होता. तो आणून १७८० मध्ये सुरू केला, नाव दिलं ‘अनाथ मुलांचा छापखाना’. या शहरातलं पहिलं वृत्तपत्र १८०१ मध्ये याच छापखान्यातून निघालं. म्हणजे अर्जेंटिनाच्या छपाईचा पाया ज्या यंत्रावर घातला गेला, त्याच्या मिळकतीवर ही बाळं दूध पीत होती. आणि विसाव्या शतकात त्याच देशात एका एक्स्पोसितो घरात दोन मुलगे जन्मले, त्यांची नावं ठेवली ओमेरो आणि विर्हिलिओ. होमर आणि व्हर्जिल! दोघंही टँगो संगीतातली मोठी नावं झाले. आडनाव गप्प बसलं तर काय झालं, पहिल्या नावात अख्खा ग्रीक-रोमन वारसा भरून ठेवला.

इटलीतलं एस्पोसितो हे याचंच सख्खं भावंड. नेपल्समध्ये तर ते सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव आहे. तिथल्या अनुन्सियाता इस्पितळाचं चक्र, म्हणजे तिथला तोर्नो, १८७५ मध्ये बंद झालं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय होईल.

स्पेनमध्ये आज वीस हजारांहून जास्त लोकांचं पहिलं आडनाव एक्स्पोसितो आहे. दक्षिणेत आंदालुसियातल्या हाएनकडे आणि कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेवर ते जास्त सापडतं. ही संख्या याहून बरीच मोठी असती. १९२१ मध्ये तिथे कायद्यानं मान्य केलं की एक्स्पोसितो आडनाव असणं हेच ते बदलण्याचं पुरेसं कारण आहे, आणखी कारण द्यायची गरज नाही. पुष्कळांनी बदललं. ज्यांनी ठेवलं त्यांचा मी जास्त विचार करतो. ज्या आजोबानं हेच आडनाव लावून शेत केलं, घर बांधलं, त्याचं नाव टाकायचं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा दाराबाहेर ठेवल्यासारखं झालं असतं. आज एस्तेर एक्स्पोसितो नावाची तरुण अभिनेत्री जगभर ओळखली जाते. तिच्या चाहत्यांपैकी कितीजणांच्या मनात तोर्नो येत असेल? जवळपास कोणाच्याच नाही, आणि ते चांगलंच आहे.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, की अजूनही तिथे सापडलेल्या मुलाला हे आडनाव देतात का. नाही. १९५८च्या नोंदणी नियमांत स्पष्ट मनाई आली : अधिकाऱ्यानं एक्स्पोसितो किंवा मूळ अज्ञात असल्याचं सुचवणारं कुठलंही आडनाव अशा मुलाला लावू नये. सर्रास चालणारं आडनाव द्यावं. तर आज तिथे असं बाळ सापडलं, तर कदाचित त्याला गार्सिया हे आडनाव मिळेल. स्पेनमध्ये चौदा लाखांहून जास्त लोकांचं पहिलं आडनाव गार्सिया आहे. शाळेत हजेरी घेताना बाई ‘गार्सिया’ म्हणतील, तेव्हा वर्गात तीन-चार हात वर होतील, आणि त्यातला एक त्याचा असेल.