कामार्ग : पाण्याच्या हिशेबातून निघालेली वाट

मित्रहो, सायकलस्वारांच्या गप्पांत घाटाला जो मान मिळतो तो सपाटीला कधी मिळत नाही. किती मीटर चढलात, एवढेच विचारले जाते. आज मात्र मी अशा प्रदेशाविषयी बोलणार आहे, जिथे दिवसभर सायकल चालवूनही चढाच्या रकान्यात जवळजवळ काहीच लिहिता येत नाही आणि काही जमीन तर समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे. दक्षिण फ्रान्समध्ये, आर्ल शहराच्या किंचित वर, रोन नदी दोन फाट्यांत विभागते. पूर्वेकडचा मोठा रोन बहुतेक सगळे पाणी घेऊन जातो, पश्चिमेकडचा धाकटा रोन उरलेले नेतो आणि या दोघांच्या मधला, भूमध्य समुद्राला टेकलेला त्रिकोण म्हणजे कामार्ग. भातशेती, कुरणे, दलदल, मिठागरे आणि मधोमध वाकारेस नावाचे सुमारे साडेसहा हजार हेक्टरांचे सरोवर, जे बहुतेक ठिकाणी पुरुषभरही खोल नाही, असा हा सारा पसारा आहे.

इथल्या बहुतेक रस्त्यांवर वाहने तुरळक दिसतात याचे श्रेय अनेकजण निसर्गाला देतात. मला ते पटत नाही. ती शांतता माणसाने पाण्याशी मांडलेल्या हिशेबातून, बहुतांशी नकळत, तयार झालेली आहे आणि तो हिशेब समजला नाही तर या वाटेवरून जाऊनही फार थोडे हाती लागते.

१८५६ साली रोनला मोठा पूर आला. त्यानंतर नदीचे दोन्ही फाटे बांधांनी पक्के जखडले गेले आणि समुद्राच्या बाजूने, सॅंत-मारी-द-ला-मेर या गावापासून पूर्वेकडे, १८५९ साली ‘दिग आ ला मेर’ म्हणजे समुद्रबांध पुरा झाला. आपल्याकडे पेण-अलिबागच्या खारेपाटात खारबांध, म्हणजे समुद्राचे पाणी अडवणारे बांध, आणि उघाड्या, म्हणजे त्यांतले पाण्याचे दरवाजे, ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की इथे एका अख्ख्या त्रिभुज प्रदेशाला तिन्ही बाजूंनी कुंपण घातले गेले. नदीचा गाळ आत येईनासा झाला, समुद्राचे पाणीही मनाला येईल तेव्हा येईनासे झाले आणि तेव्हापासून इथले पाणी कालवे, पंप आणि दरवाजे यांच्या मर्जीने फिरते.

तो समुद्रबांध हीच आज तिथली सर्वांत सुंदर सायकलवाट आहे. मोटारींना तिच्यावर मज्जाव आहे. एका हाताला खाजणे व वाळूचे पट्टे, दुसऱ्या हाताला उथळ तळी आणि मधून अरुंद, खडीमातीची वाट, जी काही ठिकाणी वाळूत रुतते. रस्त्यावर पळणाऱ्या बारीक टायरच्या सायकलीने तिथे जाऊ नये, रुंद टायर असावेत. वाटेत १८८२ सालचे गाशोल दीपगृह लागते. ते सोडले तर नजर अडेल असे उभे काहीच नाही आणि म्हणून दीपगृह दिसल्यापासून ते प्रत्यक्ष पोहोचेपर्यंतचा वेळ पहिल्यांदा जाणाऱ्याला चांगलाच चकवतो.

या बांधात पाण्याचे दरवाजे आहेत. सॅंत-मारीजवळचा फुर्कादचा दरवाजा त्यांतला प्रमुख. सायकल उभी करून तिथे अर्धा तास थांबावे असे मी सुचवेन. दरवाजा उघडा असला की प्रवाहाबरोबर मासे ये-जा करतात आणि बगळे बरोबर त्या तोंडाशी, पाण्यावर नजर रोखून उभे असतात. दरवाजा कधी उघडायचा हा मात्र वादाचा विषय आहे. मासेमाराला समुद्रातून आत शिरणारी माशांची पिल्ले हवी असतात, शेतकऱ्याला शेताचे पाणी निघून जायला हवे असते, तर सरोवरातला खारेपणा फार चढू नये ही निसर्गरक्षकांची काळजी असते. १९९३ आणि १९९४ मध्ये बांध फुटून कामार्गात रोनचे पाणी शिरले. त्या अनुभवानंतर या सर्वांना एकत्र बसवणारी जलसमिती नेमण्यात आली आणि पाण्याच्या पातळीचे निर्णय तिथे चर्चेने होऊ लागले.

उत्तरेकडून यायचे असेल तर आर्ल ते सॅंत-मारी हा मुख्य रस्ता टाळावा. तो सरळ आहे, पण पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असतो. त्यातही २४ आणि २५ मे रोजी संत सारा हिच्या यात्रेसाठी रोमा समाजाचे लोक दुरून जमतात, तेव्हा तर विचारूच नका. (यात्रेसाठी मुद्दाम जावे, सायकलसाठी नव्हे.) त्याऐवजी वाकारेसच्या पूर्व काठाने जाणारा ‘डी ३६ बी’ हा छोटा रस्ता धरावा. त्याच्यावर ला कापेलिएर येथे राष्ट्रीय अभयारण्याचे माहितीकेंद्र आहे. हे अभयारण्य १९२७ पासूनचे आहे. पलीकडे सरोवर, अलीकडे शेती आणि पुढे मिठागरांचे गाव, अशा रस्त्याला घाईच्या वाहतुकीची गरजच पडत नाही.

भाताविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण उन्हाळ्यात सायकलवरून जे हिरवे दिसते ते बहुतेक भातच असते. कामार्गच्या जमिनीखाली खारे पाणी आहे. कडक ऊन आणि कोरडा वारा यांनी ते वर ओढले जाते आणि जमीन मिठाने पांढरी पडते. भाताच्या खाचरात रोनचे गोडे पाणी महिनोन्‌महिने उभे राहिले की ते मिठाला खाली दाबून ठेवते, आणि पुढच्या हंगामात त्याच जमिनीत गहू घेता येतो. म्हणजे भात हे इथे पीक आहेच, शिवाय जमीन धुण्याचे साधनही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच इंडोचायनातून आणलेल्या व्हिएतनामी मजुरांना या शेतांवर राबवण्यात आले आणि युद्धानंतर लागवड झपाट्याने वाढली. त्या मजुरांचा इतिहास फ्रान्सने फार काळ झाकून ठेवला, हे सांगितल्याशिवाय त्या हिरव्या खाचरांचे कौतुक करणे मला अप्रशस्त वाटते.

याच खाचरांत पक्ष्यांचा आणि शेतकऱ्यांचा झगडा चालतो. रोहित, म्हणजे आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो ते, कामार्गचे मानचिन्हच आहेत. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या दोन जातींपैकी मोठा रोहित तोच हा. १९६० च्या दशकात त्यांचे इथले प्रजनन जवळपास थांबले होते. १९५४ साली ल्यूक हॉफमन यांनी स्थापलेल्या ‘तूर द्यू वाला’ या संशोधनकेंद्राच्या अभ्यासकांच्या पुढाकाराने १९७० मध्ये फांगासिए तळ्यात एक कृत्रिम बेट उभारले गेले. पक्षी तिकडे फिरकेनात, तेव्हा चिखलाची खोटी घरटी रचून ठेवली आणि १९७४ मध्ये रोहित त्या बेटावर वसले. पण पुढे तेच पक्षी वसंतात पेरलेल्या भातात रात्री उतरू लागले आणि चिखल ढवळताना कोवळी रोपे तुडवू लागले. त्यांना उठवण्यासाठी शेतकरी गॅसच्या तोफांचे बार काढतात. शांततेच्या शोधात मे महिन्यात येऊन शेतालगत मुक्काम केलेल्या सायकलस्वाराची झोप त्यामुळे उडाली, तर त्याने कुरकुर करू नये. झाडांच्या कुंपणांनी वेढलेल्या लहान खाचरांत हे पक्षी सहसा उतरत नाहीत, असे अभ्यासातून दिसले आहे. मोठी, उघडी शेतेच त्यांना सोयीची वाटतात.

सपाटीला सोपे समजणाऱ्यांसाठी मिस्त्राल पुरेसा आहे. रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून घोंघावत येणारा हा कोरडा, गार वारा कधीकधी ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडतो. गुराख्यांच्या जुन्या, दलदलीतल्या बोरूने शाकारलेल्या घरांची उत्तरेची बाजू गोलाकार असते आणि तिला खिडकी नसते, ती याच वाऱ्यामुळे. घाटात चढ संपतो आणि उतार लागतो. इथे वारा समोर असला तर तो दिवसभर समोरच राहतो आणि आडोसा नावालाही मिळत नाही. आर्लहून समुद्राकडे जाताना पाठीवर बसून तो तुम्हाला फुशारकी मारायला लावतो आणि परतीला सगळे व्याजासह वसूल करतो. हा वारा दुपारी अधिक जोर धरतो, म्हणून उत्तरेकडे जायचा टप्पा सकाळीच उरकावा. वारा पडला की डास येतात, तेव्हा संध्याकाळी पाण्याकाठी रेंगाळू नये.

शेवटी समुद्राकडे पाहू. सालें-द-जिरो गावाजवळची हजारो हेक्टर जुनी मिठागरे २००८ नंतरच्या काही वर्षांत किनारा-संरक्षणाच्या सरकारी संस्थेने विकत घेतली. तिथे समुद्राने खाल्लेल्या पुढच्या बांधाची डागडुजी करत बसण्याऐवजी पाण्याला आत येऊ द्यायचे, असे धोरण ठरले. मिठावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या गावातल्या अनेकांना हे रुचलेले नाही. आपल्या वाडवडिलांनी समुद्राला थोपवले आणि तुम्ही त्याला वाट करून देता, असा त्यांचा राग आहे. मला स्वतःला हे धोरण शहाणपणाचे वाटते, कारण दरवर्षी दगड टाकून किनारा जागच्या जागी ठेवता येत नाही. पण तो राग खोटा नाही. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा की, किनाऱ्याजवळच्या वाटा नकाशात दिसतात तशाच सापडतील असे गृहीत धरू नये. हिवाळी वादळानंतर वाटेचे तुकडे वाळूखाली किंवा पाण्याखाली जाऊ शकतात. निघण्यापूर्वी ला कापेलिएरच्या केंद्रात चौकशी करावी आणि पिण्याचे पाणी मात्र भरपूर बरोबर घ्यावे, कारण बांधावर चारी बाजूंना जे पाणी दिसते ते खारे आहे.