रेंजला आधी कागद, मग भिंत

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू नेमबाजीच्या रेंजबद्दल, म्हणजे सरावाची जागा कशी उभारायची आणि तिचे कागद कोणते, याबद्दल.

दुकानात छर्ऱ्याच्या दोन बंदुका शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. एक 4.5 मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट 177 इंचाची. दुसरी 5.5 मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट 22. दोन्ही हवेवरच चालतात, पण दुसरी ‘जोरात लागते’ म्हणून पोरं तिच्याकडेच बोट दाखवतात. कायद्याची रेघ नेमकी या दोघींच्या मधून जाते. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास पॉइंट 177 पेक्षा जास्त असेल, किंवा नळीतून निघताना छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या वर जात असेल, तर हवेच्या बंदुकीलाही परवाना लागतो. स्पर्धेतली एअर रायफल साडेसात-आठ ज्यूलच्या आसपासच असते. तेव्हा शाळेच्या किंवा क्लबच्या रेंजवर 5.5 आणूच नका. 10 मीटरच्या स्पर्धेत ती चालतही नाही.

बंदुकीला परवाना नाही म्हणून रेंजला नियम नाहीत, असा अर्थ कुणी काढू नये. छर्रा डोळा फोडू शकतो आणि मग जबाबदारी हॉल चालवणाऱ्यावर येते. म्हणून आधी बांधणी बघू.

फायरिंग लाइनपासून, म्हणजे नेमबाज उभा राहतो त्या रेघेपासून, टार्गेटपर्यंत 10 मीटर. मागे नेमबाज, टेबल आणि प्रशिक्षक यांची जागा धरली तर आतून 15-16 मीटर लांबीचा हॉल लागतो. आपल्याकडची बंद पडलेली मंगल कार्यालयं या कामाला बरी पडतात, फक्त दारं बघा. फायरिंग लाइनच्या पुढे एकही दार उघडता येता कामा नये. कडी नको, ते बुजवूनच टाका. प्रत्येक नेमबाजाला किमान 1 मीटर रुंदी द्या. टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर, 5 सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. टार्गेटवर 1500 लक्स उजेड हवा आणि हॉलमध्ये किमान 300. इथंच आपलं घोडं अडतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की टार्गेट पिवळट दिसायला लागतं आणि पोरगं बिचारं आपल्याच हाताला दोष देतं. टार्गेटचे दिवे इन्व्हर्टरवर घ्या.

छर्रा अडवणारी लोखंडी प्लेट ताठ उभी लावू नका, छर्रा उलटा फिरतो. ती 45 अंशांत, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली अशी बसवली की चपटा झालेला छर्रा खालच्या पेटीत पडतो. पेटी वेळेवर रिकामी करा. छर्रे शिशाचे असतात आणि ती धूळ पोटात, छातीत जाते. म्हणून तिथं कोरडा झाडू नको, ओला पोछा मारा. रेंजवर डबा खायचा नाही आणि निघताना साबणाने हात धुवायचे. लहान मुलांना शिशाचा त्रास लवकर होतो.

आता पॉइंट 22 ची काडतुसाची रायफल. नाव तेच, पण प्रकरण वेगळं. गोळी दीड किलोमीटर सहज जाते, त्यामुळे 50 मीटरच्या रेंजमागे मातीचा बांध लागतो. आपली काळी माती यासाठी वाईट. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून घसरते. मुरूम वापरा, पण चाळून. त्यातला एक काळा दगड गोळी कुठे उडवेल याचा भरवसा नाही.

या रायफलीला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. छत्रपती संभाजीनगर शहरात तो पोलीस आयुक्त देतात, जालना, बीड, लातूरसारख्या जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. कायद्याच्या कलम 13 मध्ये केंद्र सरकारने मान्य केलेल्या रायफल क्लबच्या सदस्याची वेगळी तरतूद आहे, म्हणून आधी क्लबची मान्यता, मग अर्ज. स्वतःच्या परवान्यासाठी वय 21 हवं. त्याआधी, 12 वर्षं पूर्ण झाल्यावर, देखरेखीखाली सराव करता येतो. शेतातल्या पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक घेऊन कुणी सरावाला आला, तर त्याला परत पाठवा. आणि वरातीत बार काढणाऱ्याला क्लबचं सदस्यत्व देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत रेंज वाचवणारे खास कायदे आहेत. रेंज आधी आणि वस्ती नंतर आली असेल, तर निव्वळ आवाजाच्या तक्रारीवरून ती बंद पाडता येत नाही. आपल्याकडे असं कवच नाही. शेजाऱ्यांनी तक्रार केली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. ‘आम्ही आधीपासून इथं आहोत’ हे उत्तर तिथं पुरत नाही. 2000 च्या ध्वनी नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 नंतर 45. बंद हॉलमधल्या एअर रायफलीला ही अडचण सहसा येत नाही. पॉइंट 22 ला मात्र येते.

म्हणून आज जमीन मोकळी दिसते तेव्हाच कागद करून ठेवा. सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, हद्दीवर घेतलेली आवाजाची मोजणी, आणि चारही बाजूंचे तारखेसह फोटो. काडतुसांची नोंदवही रोजच्या रोज लिहा: आली किती, झाडली किती, न फुटलेली किती, शिल्लक किती. न फुटलेलं काडतूस कचऱ्यात टाकलं की वहीतली शिल्लक चुकते, आणि तपासणीला आलेला अधिकारी सगळ्यात आधी तीच बेरीज करून बघतो.