मिहिर, तुलसी आणि विसरायला नकार देणारा प्रेक्षक

३ जुलै २००० रोजी रात्री साडेदहा वाजता ‘स्टार प्लस’वर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका सुरू झाली आणि ६ नोव्हेंबर २००८ रोजी, १,८३३ भागांनंतर, तिने निरोप घेतला. या आठ वर्षांत विराणी कुटुंबात एवढे जन्म, मृत्यू, लग्ने आणि कोर्टकज्जे झाले की कथानक सांगायला बसले तर आजची संध्याकाळ अपुरी पडेल. मला केवळ मिहिर आणि तुलसी या जोडीविषयी, आणि खरे म्हणजे त्या जोडीची साथ कधीही न सोडणाऱ्या प्रेक्षकाविषयी बोलायचे आहे. अशा प्रेक्षकाला भाबडा ठरवून मोकळे व्हायची आपल्याकडे रीत आहे. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. मालिका लिहिणारे जे सोयीस्करपणे विसरतात ते हा प्रेक्षक लक्षात ठेवतो, आणि त्याची निष्ठा ही मुख्यतः या लक्षात ठेवण्याचीच निष्ठा असते.

साडेदहाच्या वेळेला इथे महत्त्व आहे. जेवणे उरकली, ओटा धुऊन झाला, दुधाला विरजण लागले, सकाळच्या डब्याची भाजी निवडून झाली, की घरातल्या बाईच्या वाट्याला येणारा पहिला निवांत अर्धा तास साधारण याच सुमारास सुरू होतो. एका गुजराती घराची हिंदीतून सांगितलेली कथा कितीतरी मराठी घरांत शिरली ती या वेळेला. पुढे भारनियमनाच्या दिवसांत ऐन वेळी वीज गेली, तर ज्यांच्याकडे दिवे होते त्या नातेवाइकांना दुसऱ्या दिवशी फोन करून भाग विचारून घ्यावा लागे. भाग असा ऐकून घेतला की सांगणारीचे मतही त्यात मिसळलेले असे, आणि मिहिर चुकला की तुलसी, यावर दोघींचा वाद तिथेच जुंपत असे.

तुलसी ही विराणींच्या पुरोहितांची मुलगी. पायलशी लग्न ठरलेले असताना मिहिरने तुलसीशी लग्न केले आणि सविताचा, म्हणजे स्वतःच्या आईचा, रोष ओढवून घेतला. एकत्र कुटुंबात नव्याने आलेल्या सुनेची बाजू तिच्या नवऱ्याने सगळ्यांदेखत घ्यावी, ही गोष्ट पाहणाऱ्या अनेकींच्या स्वतःच्या घरात घडलेली नव्हती. या जोडीवरच्या प्रेमाचा पाया तिथे आहे, असे मला ठामपणे वाटते. मिहिर देखणा होता, तुलसी गुणी होती, हे सारे त्यानंतरचे. मिहिरने एक शब्द दिला होता, आणि तो दिला जाताना प्रेक्षक साक्षीला होता.

मिहिर अपघातात गेला असे मालिकेने सुरुवातीच्या काळातच दाखवले, तेव्हा लोकांनी ते चालू दिले नाही. प्रेक्षकांची नाराजी एवढी तीव्र होती की निर्मात्यांना त्याला परत आणावे लागले. तो स्मृती हरपलेला आणि मंदिरा नावाच्या स्त्रीच्या आश्रयाला असलेला असा परतला. मिहिरला परत मागणाऱ्यांना गोड शेवट हवा होता, असे पुष्कळांनी मानले. मला वाटते, शब्द देणाऱ्याने तो पाळायला हजर असावे, एवढीच ती मागणी होती.

नंतर नट बदलले. अमर उपाध्याय यांच्यानंतर अल्पकाळ इंदर कुमार आणि मग दीर्घकाळ रोनित रॉय यांनी मिहिर साकारला. स्मृती इराणी यांच्या जागी काही काळ गौतमी कपूर तुलसी झाल्या. कथेने वीस वर्षांची उडी एका रात्रीत मारली. माझ्या सांगलीच्या आत्याने दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर विराणींची वंशावळ काढून ठेवली होती. मिहिरचा चेहरा बदलला तेव्हा तिने त्यात काहीही खोडले नाही. मिहिर-मंदिराचे प्रकरण झाले तेव्हा मात्र मिहिरच्या नावाखाली लाल शाईने रेघ ओढली. पुढे मिहिर आणि मंदिराचा मुलगा करण घरात आला, तुलसीने त्याला आपले मानले, आणि आता तरी ती रेघ खोड, असे मी आत्याला सुचवले. ती म्हणाली, “अगं, नट बदलला म्हणून मिहिरचं देणं फिटतं का? आणि पोराला तुलसीनं घेतलं, त्यात ह्यानं काय केलं?”

अमेरिकेतल्या ‘जनरल हॉस्पिटल’ या मालिकेतील ल्यूक आणि लॉरा यांच्याबाबतही असेच घडले. १९८१ च्या नोव्हेंबरात झालेला त्यांचा विवाहसोहळा सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिला. पण त्याच ल्यूकने १९७९ साली लॉरावर बलात्कार केल्याचे मालिकेने दाखवले होते आणि जोडी लोकप्रिय होताच त्या प्रसंगाला मोहाचा क्षण म्हणायला सुरुवात केली होती. अखेर १९९८ मध्ये, त्यांच्या मुलाला सत्य कळते अशा कथानकातून, मालिकेला त्या प्रसंगाकडे पुन्हा वळावे लागले. ही जोडी आवडणे आणि तिचा आरंभ ठाऊक असणे, हे दोन्ही मनात घेऊन ज्यांनी इतकी वर्षे ती पाहिली, त्यांना अंधभक्त म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तुलसीने सोसणे हाच आदर्श म्हणून मांडला, हा या मालिकेवरचा जुना आक्षेप आहे आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. फक्त तो करणाऱ्यांनी एक विसंगती पाहिलेली नाही. याच तुलसीने पोटच्या मुलाला, अंशला, त्याच्या अत्याचारांपायी स्वतःच्या हाताने गोळी घातली. पोटच्या मुलाच्या बाबतीत न्याय करायला जी कचरली नाही, तिला नवऱ्याला जाब विचारण्याचा एकही पुरेसा लांब, पुरेसा कठोर प्रसंग लेखकांनी दिला नाही. मिहिरला क्षमा फार स्वस्तात मिळाली. हा दोष मी तुलसीच्या स्वभावाचा मानत नाही, लेखनाचा मानते. आणि या जोडीवर जीव असणाऱ्या बायकांनी तो समीक्षकांच्या आधी ओळखला होता, असा माझा अनुभव आहे.

२९ जुलै २०२५ रोजी, त्याच वाहिनीवर आणि त्याच साडेदहाच्या वेळेला, ही मालिका पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात केंद्रीय मंत्रिपद भूषवलेल्या स्मृती इराणी पुन्हा तुलसी झाल्या आणि मिहिर म्हणून अमर उपाध्याय परतले. मूळ दोघांना शेजारी उभे पाहून मला भरून आले, हे मी मोकळेपणाने सांगते. पण लवकरच कथेत पुन्हा एक तिसरी स्त्री आली, आणि आमच्या घरातल्या जुन्या प्रेक्षकांना तत्काळ मंदिरा आठवली. नव्याने पाहणाऱ्या मुलींना हा संकटाचा नवा प्रसंग वाटला. आत्याच्या लेखी ती जुन्या बाकीवरची भर होती. माझी लेखकांकडे एकच मागणी आहे. या दोघांना एकदा एका खोलीत बसवावे, मध्ये सण, अपघात किंवा पाहुणे आणू नयेत, आणि मंदिरापासूनचे सगळे तुलसीला सविस्तर विचारू द्यावे. मिहिरने काय उत्तर द्यावे हे मी सुचवणार नाही. ते त्याचे त्याने द्यायचे आहे, आणि ते पटण्याजोगे आहे की नाही हे ठरवायला आत्या आणि मी बसलेल्या असू.