एकतीस नंबरचा चौकोन

(दृश्य : पहाट. नागपूरच्या अलीकडचं एक लहान स्टेशन.)

एक्सप्रेस न थांबता निघून जाते. फलाटावर हिरवा झेंडा धरून स्टेशनमास्तर उभे आहेत. शेवटच्या डब्यातून गार्डाचा हिरवा झेंडा हलतो. इंजिन केव्हाच पुढे गेलं, शिट्टीही ऐकू आली, पण स्टेशनमास्तरांची नजर गाडीच्या शेपटावरच आहे. मागच्या डब्याच्या पाठीवरची ती मोठी फुली दिसली, की गाडी अख्खी गेली. मधला एखादा डबा तुटून रुळावर राहिलेला नाही.

ही फुली लक्षात ठेवा.

(दृश्य : वरच्या मजल्यावरची खोली. रॅकमध्ये बारा संगणक. भिंतीवरचा स्क्रीन.)

या खोलीत विदर्भातल्या शिवारांचे नकाशे तयार होतात. सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह दर ५ दिवसांनी त्याच जमिनीवरून जातात आणि चित्रं पाठवतात. एवढं चित्र एकट्या संगणकाला झेपत नाही. म्हणून त्याचे तुकडे करतात. इथे त्यांना टाइल म्हणतात. बारा संगणक, प्रत्येकावर चार वर्कर प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार प्रोग्राम. एका वर्करनं एक टाइल उचलायची, पिकाखालची जमीन वेगळी काढायची आणि पुढची टाइल मागायची. स्क्रीनवरचे हे ४८ चौकोन म्हणजे ४८ वर्कर. हिरवा म्हणजे जिवंत.

पण जिवंत आहे, हे ठरवायचं कसं?

रीत जुनी आहे. प्रत्येक वर्करनं ठरावीक वेळानं मास्टरला, म्हणजे कामं वाटून देणाऱ्या प्रोग्रामला, एक छोटा निरोप पाठवायचा. त्याला हार्टबीट म्हणतात. हडूप ही अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणारी प्रणाली. तिच्यात डेटा साठवणारं प्रत्येक मशीन दर ३ सेकंदांनी असा ठोका देतं. ठोके थांबले तरी मास्टर घाई करत नाही. नेहमीच्या मांडणीत साडेदहा मिनिटं वाट पाहून मगच तो त्या मशीनला मृत धरतो. अनेक मशीनवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या कुबरनेटीजमध्ये उलटं, विचारपूस बाहेरून होते. वेगळं ठरवून दिलं नसेल तर दर १० सेकंदांनी विचारणा, उत्तराला १ सेकंद, आणि सलग ३ वेळा उत्तर आलं नाही की रीस्टार्ट.

वर्कर मरणं हे संकट नाही, ते गृहीत धरायचं असतं. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली मॅपरिड्यूसचा, म्हणजे मोठं काम अनेक संगणकांवर वाटून करण्याच्या पद्धतीचा, शोधनिबंध लिहिला. त्यात एक प्रयोग आहे. सुमारे एक टेराबाइट डेटा क्रमानं लावण्याचं काम सुरू असताना १,७४६ पैकी २०० वर्कर मुद्दाम मारले. एरवी ८९१ सेकंदांत होणारं काम ९३३ सेकंदांत झालं. मेलेल्यांच्या वाटचं काम दुसऱ्यांनी उचललं. जो सरळ मरतो, त्याचा त्रास एवढाच.

त्रास देतो तो न मरणारा.

(दृश्य : रात्र. स्क्रीनवर ४८ हिरवे चौकोन. कॅमेरा हळूहळू एकतीस नंबरवर.)

मे महिन्यातली रात्र. सगळं हिरवं. रात्रपाळीच्या ताई चहा बाजूला ठेवून फोन लावतात : "भाऊ, एकतीस नंबर हिरवाच आहे, पण टाइलचा आकडा हलून नाही राहिला."

घडलं ते असं. वर्करच्या पोटात दोन धागे (थ्रेड), म्हणजे एकाच प्रोग्रामातली दोन कामं, एकाच वेळी चालतात. एक टाइलचं काम करतो, दुसरा फक्त ठोके पाठवतो. एका बिघडलेल्या टाइलवर पहिला धागा अडकला, जागच्या जागी फिरत राहिला. दुसऱ्याला त्याची खबरच नाही. तो इमानानं सांगत राहिला, जिवंत आहे, जिवंत आहे. मास्टरनं ऐकलं आणि चौकोन हिरवा ठेवला. इंजिनाची शिट्टी ऐकली, फुली कोणी पाहिलीच नाही.

वर्कर रीस्टार्ट केला. टाइल परत रांगेत गेली, सात नंबरनं उचलली, आणि सात नंबर अडकला. मग बावीस. स्क्रीन तिन्ही वेळा हिरवाच. त्या आठवड्याचा पीक-नकाशा उशिरा गेला.

(दृश्य : दुपार. व्हेरायटी चौक, तोंडाला दुपट्टा बांधलेले दुचाकीस्वार. मग खोलीतला एसी.)

नागपूरचा उन्हाळा इथे आणखी एक पेच टाकतो. पारा ४५ अंशांपलीकडे जातो, एसी दमतो, आणि प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. वर्कर काम करतच असतो, पण सावकाश. १ सेकंदात उत्तर देणं त्याला जमत नाही. आता कडक तपासणी लावली असेल तर चांगला वर्कर मारला जाईल, त्याचं काम शेजाऱ्यावर पडेल, शेजारी तापेल, तोही मारला जाईल. बाहेरून पाहणाऱ्याला हळू कोण आणि मेलेला कोण, हे नुसत्या शांततेवरून खात्रीनं सांगता येत नाही. एखादा संगणक बंद पडू शकत असेल, तर बाकीच्यांचं एकमत होईलच अशी हमी देता येत नाही, हे १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटर्सन या संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. त्या प्रसिद्ध सिद्धतेच्या मुळाशी हीच अडचण आहे. म्हणून किती थांबायचं, हा आकडा पुस्तकातून उचलून चालत नाही. तो याच खोलीत, याच उन्हात मोजून ठरवावा लागतो.

(दृश्य : कीबोर्डवरची बोटं. कोड.)

बदल छोटा आहे. ठोका पाठवण्याचं काम आता वेगळ्या धाग्याकडे नाही, टाइल करणाऱ्याकडेच आहे. प्रत्येक टप्पा संपला की तो ठोका देतो आणि सोबत आकडा पाठवतो : कितवी टाइल, कितवा टप्पा. ठोका आलाच नाही, किंवा आला आणि आकडा तोच राहिला, तरी चौकोन पिवळा होतो. मर्यादा उन्हाळ्यातल्या सर्वांत हळू टाइलच्या वेळेवरून ठरवली आहे. आणि तीन वर्करना अडकवणारी टाइल चौथ्याकडे जात नाही. ती बाजूला पडते, माणसानं पाहावी म्हणून.

(दृश्य : चाचणी. ताईंचा हात नेटवर्कच्या केबलवर.)

एका संगणकाची केबल काढली. चार चौकोन अजून हिरवे. हिरवे. पिवळे. लाल. त्यांच्या चार टाइल रांगेत परत, आणि लगेच दुसऱ्या चौघांकडे.

केबल परत लावली. एकतीस नंबर उठतो. आकडा शून्य आहे.

(दृश्य : एकतीस नंबरचा चौकोन, आवाज नाही.)

एक.