आपण चालतो तिथे इंग्रजी धावते

सोलापूरच्या श्रोत्यांना नमस्कार.

शाळेतल्या मुलांच्या वहीत ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच लिहिलेलं असतं. ते बरोबरच आहे; पण तेवढ्यावर विसंबलेलं मूल टॉवेलच्या लेबलापाशी अडतं. गडद रंगाच्या टॉवेलवर कधी इंग्रजी सूचना असते, ‘कलर्स मे रन’. म्हणजे रंग जाईल, दुसऱ्या कपड्यांना लागेल, वेगळा धुवा. यात धावण्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि जुना आहे. जर्मन भाषेत या शब्दाचं भावंड आहे ‘रिनेन’. त्याचा अर्थ वाहणं, पाझरणं. इंग्रजी ‘रन’मध्येही वाहणं पूर्वीपासून आहे. म्हणून नळ रन होतो, सर्दीनं नाक रन होतं, धुण्याच्या पाण्यात रंगही रन होतो. हे सगळं एकाच घरातलं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात पूर्वी सर्वांत जास्त अर्थ ‘सेट’चे होते. १९८९च्या आवृत्तीत ते ४३० भरले. पुढे संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ची नोंद नव्यानं लिहिली. नऊ महिने खपून त्यांनी या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले. ते पाठ करायला कुणी बसू नये. काय रन होतंय ते आधी बघावं: पाणी, यंत्र, धंदा की माणूस? निम्मं काम तिथंच होतं.

पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात उभे राहा. यंत्रमाग सुरू आहे. इंग्रजीत ‘द लूम इज रनिंग’. आपण म्हणतो, माग चालतोय. मालक कारखाना रन करतो, आपण म्हणतो चालवतो. एसटी पंढरपूरला चालते, नाटक चालतं, दुकान चालतं. इंग्रजी धावते तिथे आपण चालतो! आणि हे फक्त मराठीचं नाही. तेलुगूत दुकान चालवण्याला ‘नडुपु’, कन्नडमध्ये ‘नडेसु’. दोन्हींच्या मुळाशी चालणंच. उर्दूत तर सरळ ‘चलाना’. आपल्या गावातल्या चारही भाषा इथे एका बाजूला आहेत. मुलांना हे जरूर दाखवा, कारण घरची भाषा इथे अडचण नाही, आधार आहे.

एक फरक मात्र नीट शिकवायला हवा. आपण चालणं आणि चालवणं वेगळं करतो; इंग्रजी दोन्हींना ‘रन’च वापरते. वाक्यात पुढे कर्म आलं की समजावं, कुणीतरी चालवतंय.

निवडणुकीत तर गंमतच. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडमध्ये ‘स्टँड’. आपणही उभेच राहतो.

खरा घोटाळा होतो तो मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांनी. क्रिकेटमुळे ‘रन आउट’ सगळ्यांना माहीत. पण घरात साखर संपली तर ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर’. इथे ‘ऑफ’ विसरायचा नाही. नव्या पेठेत जुने सर अचानक भेटले तर ‘आय रॅन इंटू माय टीचर’ म्हणता येतं. तिथे ‘इंटू’च्या जागी ‘ओव्हर’ घातलं तर सरांच्या अंगावर गाडी गेली, असा अर्थ होतो. हे दोन्ही शब्द मुलांना शेजारी-शेजारी लिहून द्या, आणि प्रत्येकाचं एक वाक्य त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या.