हतनूर : गाळावर जगणारा काठ

मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघालेली तापी सातपुड्याच्या कडेकडेने पश्चिमेला येते. पूर्णा येते विदर्भातून, खारपाणपट्ट्यातल्या काळ्या जमिनी धुऊन. जळगाव जिल्ह्यात चांगदेवला दोघींचा संगम होतो आणि पुढे खानदेश ओलांडून तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते.

खानदेशाला समुद्रकिनारा नाही. पण संगमाच्या थोडं खाली भुसावळ तालुक्यातल्या हतनूरला धरण झालं, १९८२ साली ते पूर्ण झालं, आणि मागे पाण्याचा पसरट, उथळ काठ तयार झाला. हिवाळ्यात या काठावर उभं राहिलं की दूरवर पाणी आणि पाखरं, एवढंच दिसतं.

जळगावकरांना हतनूर आठवतं ते पावसाळ्यात. वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की बातमी येते, 'हतनूरचे ४१ दरवाजे उघडले', आणि तापीकाठची गावं सावध होतात. भुसावळचं पिण्याचं पाणी, दीपनगरचं वीजकेंद्र, वरणगावची आयुध निर्माणी, यावल-चोपड्याकडची शेती यांना या धरणाचा आधार आहे. कागदावर उपयुक्त साठा २५५ दशलक्ष घनमीटर. प्रत्यक्षात त्यातली बरीच जागा गाळाने घेतली आहे. पूर्णेचं पुराचं पाणी चहासारखं येतं, धरणाच्या फुगवट्यात त्याचा वेग मोडतो, आणि पाण्याने वाहून आणलेली माती तिथेच खाली बसते. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे.

पाणीपुरवठ्याच्या हिशोबात हा गाळ म्हणजे नुकसान, आणि ते खरंही आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला गाळाचं कौतुक सांगता येणार नाही. पण याच गाळाने हा काठ घडवला आहे, हेही तितकंच खरं आहे.

पाणी उथळ असलं की ऊन तळापर्यंत पोचतं. तळाशी पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आधाराने गोगलगायी, किडे, लहान मासे. तलवार बदक आणि थापट्या या बदकांना फार खोल पाणी कामाचं नसतं. शेपटी वर करून मान बुडवली की चोच तळाला लागली पाहिजे. शेकाट्या आणि तुतारी या पाखरांना तर चिखलच हवा. चमचा हा पक्षी आपली चपटी चोच डावी-उजवी फिरवत गुडघाभर पाण्यात चालत जातो. लडाखकडून चक्रवाक येतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात, डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांमुळे लांबूनही ओळखू येणारे. देशातल्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूरचं नाव आहे, ते या सगळ्यांमुळे.

आता काठावरच्या माणसांकडे वळू.

पावसाळा सरून पाणी मागे हटायला लागलं की उघडी पडते ती गाळपेर जमीन. मालकी जलसंपदा खात्याची. कसायला देताना प्रकल्पग्रस्तांना अग्रक्रम. या जमिनीला वेगळं खत लागत नाही. ओल टिकून असते, त्या ओलीवर हरभरा उगवतो, गहू उभा राहतो. पाणी जसजसं उतरतं तसतशी पेरणी खाली सरकते. ज्यांची वडिलोपार्जित शेती धरणाखाली गेली, त्यांना तीच माती वर्षातले काही महिने परत मिळते, असं या शेतीकडे पाहता येईल. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आणि पट्टकादंबांना हरभऱ्याचा कोवळा पाला आवडतो. दिवसभर थवा पाण्यात विसावलेला, आणि रात्री नाहीतर भल्या पहाटे शेतात उतरलेला. ज्याचं रान खाल्लं जातं त्याला हा पक्षी किती लांबून आला हे सांगून भागत नाही. पक्षी पाहायला येणाऱ्यांनी हे नुकसानही आपल्या वहीत टिपून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मासेमारीचंही तसंच. भोई आणि कोळी समाजाची घरं या पाण्यावर चालतात. रोहू, कटला, मरळ, झिंगे. संध्याकाळी जाळं लावायचं, सकाळी उचलायचं. वारकरी आणि लालसरी ही बुडी मारणारी पाखरं कधी कधी त्या जाळ्यात अडकतात आणि गुदमरतात. कोळ्यालाही ते नको असतं. पक्षी अडकला म्हणजे जाळं फाटलं. थवा कुठे बसतो, कोणत्या खाडीत जाळं लावू नये, कोणत्या वर्षी पाखरं उशिरा आली, हे होडीवरच्या माणसाला रोजच्या जगण्यातून ठाऊक असतं.

वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था इथल्या पक्ष्यांच्या नोंदी करते आहे. दुर्बीण घेऊन पाणथळीवर मोजणी करायची म्हणजे धीराचं काम: धुकं विरेपर्यंत थांबायचं, थवा उडाला की पुन्हा पहिल्यापासून. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, १९८७ पासून. त्या मोठ्या वहीत अशा गावोगावच्या नोंदींची भर पडते.

महाशिवरात्रीला चांगदेव आणि मुक्ताईची यात्रा भरते. दिंड्या येतात, विदर्भातून, बऱ्हाणपूरकडून. टाळ-मृदंगाच्या आवाजात संगमाचा काठ माणसांनी भरून जातो. याच सुमाराला परदेशी पाहुणे निघायच्या तयारीत असतात आणि इथल्याच नदी सुरयाची वीण सुरू होते. हा पक्षी घरटं बांधत नाही. पाण्यातल्या उघड्या बेटावर, वाळूत नाहीतर गाळात, नुसता खळगा करून अंडी घालतो. अंड्यांचा रंग मातीत इतका मिसळतो की पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. भोवती पाणी आहे तोवर अंडी सुरक्षित. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, मग कुत्री पोचतात, गुरं पोचतात.

आणि ट्रॅक्टरही. धरणातला गाळ उपसावा ही जुनी मागणी आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली, आणि हलक्या रानाला हा गाळ सोन्यासारखा. उपसा व्हायला हवा. फक्त गाळ काढायचा हंगाम आणि सुरयाच्या विणीचा हंगाम एकच आहे, उन्हाळा. म्हणून पोकलेन उतरवण्याआधी गाळपेर कसणारे, जाळं टाकणारे आणि पक्षी मोजणारे यांना जलसंपदा खात्याने एका बैठकीला बोलवावं, नकाशा समोर पसरावा आणि बेटं आखून घ्यावीत: ही पावसाळ्यापर्यंत सोडायची, इथून उपसायचं, इथे पुढच्या रब्बीला हरभरा.