घरट्याला खोटं दार लावणारा इवलासा पक्षी

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर हे जे पांढरं गुबगुबीत घरटं फांदीला लटकलंय ना, त्याचं हे मोठं भोक बघा. कुणालाही वाटेल हेच दार, पण ते थोडंसं आत जाऊन बंद होतं, नुसता रिकामा खिसा आहे तो! खरं दार त्याच्या बरोब्बर वर आहे आणि आत्ता ते मिटलेलं आहे म्हणून दिसतच नाहीये.

हा पक्षी म्हणजे केप पेंड्युलिन टिट. नामिबिया, बोत्स्वाना, दक्षिण आफ्रिका, तिकडचा कोरडा सव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश, काटेरी बाभूळवर्गातली झाडं, तिथे राहतो. लांबी जेमतेम ८ सेंटीमीटर, आफ्रिकेतल्या सगळ्यात छोट्या पक्ष्यांपैकी एक.

आता दार कसं उघडतं ते स्लो मोशनमध्ये बघू. पक्षी आला, खोट्या दाराच्या कडेवर टेकला, एका पायाने वरची मिटलेली कड खाली ओढली आणि सर्रकन आत! बाहेर पडला की कडा परत एकमेकींना चिकटतात, कारण त्यात कोळ्याचं जाळं वापरलेलं असतं. साप वगैरे आला तर त्याला रिकामा खिसाच सापडावा, म्हणून ही सगळी योजना.

आपली सुगरण गवताचे धागे विणून खोपा करते, हा मात्र विणत नाही, झाडांचा कापूस, प्राण्यांचे केस, मेंढ्या असतील तिथे लोकर, असं सगळं दाबून दाबून नमद्यासारखं जाड करतो.

सगळे जण खोट्या दाराबद्दलच बोलतात, पण मला विचाराल तर खरी कमाल या जाड भिंतीची आहे. तिकडच्या कलहारी वाळवंटात हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली जातो हो, आणि एवढ्याशा अंगातली ऊब किती पटकन निघून जाते विचार करा! म्हणून पिल्लांचा सीझन संपला तरी घरटं वापरात राहतं, अख्खा थवा रात्री एकाच घरट्यात एकमेकांना चिकटून झोपतो. पिल्लांना भरवायलासुद्धा आईबापांशिवाय थव्यातले बाकीचे मदतीला येतात, आळ्या, छोटे किडे घेऊन.

कधी नामिबियातल्या एटोशा किंवा दक्षिण आफ्रिका-बोत्स्वानातल्या कगालागाडी पार्कला गेलात तर गाडी थांबवून काटेरी झाडांचे शेंडे जरूर बघा. राखाडी पाठ, फिकट पिवळं पोट, कपाळावर काळे-पांढरे ठिपके, आणि एक दिसला की बाकीचे तिथेच आसपास असतात.